विश्लेषण : निकाल आधीच ठरलेला, तरी चाहते ‘रेसलिंग’ पाहायला शेकडो किलोमीटर का जातात?

नव्वदच्या दशकात शाळेच्या मधल्या सुट्टीत ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’चे ट्रम्प कार्ड खेळलेली पिढी आता पस्तिशी-चाळिशीत आहे. वर्धा जिल्ह्यातील सेलूही त्याला अपवाद नाही. या पिढीने अंडरटेकर केबलवर पाहिला, जॉन सिना ‘टेन स्पोर्ट्स’वर पाहिला. एप्रिल २०२५ पासून भारतातील प्रक्षेपण नेटफ्लिक्सवर गेले, तेव्हा टीव्हीसमोरचा हा प्रेक्षक मोबाइलकडे वळला. पण रिंगच्या कडेला बसून लढत पाहण्याची संधी त्यातील फार थोड्यांना मिळाली असेल. सेलूहून नागपूरला जाताना जामठ्याचे क्रिकेट स्टेडियम वाटेतच लागते. देवळीचे मल्ल आणि वर्ध्याचे माजी खासदार रामदास तडस यांच्यामुळे आखाड्यातील कुस्तीही जिल्ह्याला परिचयाची आहे. ‘प्रो रेसलिंग’साठी मात्र हैदराबाद, दिल्ली किंवा थेट जालंधर गाठावे लागते. निकाल आधीच ठरलेल्या लढतीसाठी एवढा प्रवास का करायचा? ‘इंडिपेंडंट’ शो म्हणजे नेमके काय? आणि महाराष्ट्रात हा खेळ दोनदा येऊनही का टिकला नाही?

आखाड्यातील कुस्ती आणि प्रो रेसलिंग यात फरक काय?

आखाड्यातील किंवा मॅटवरील कुस्तीत दोन मल्ल एकमेकांना हरवण्यासाठी लढतात. गुण, वेळ आणि वजनगट यांचे नियम ठरलेले असतात. खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला ऑलिम्पिक कांस्यपदक मिळवले ते या कुस्तीत. प्रो रेसलिंगमध्ये दोन मल्ल एकमेकांच्या साह्याने एक गोष्ट सांगतात. कोण जिंकणार हे आयोजकांच्या बाजूने कथा ठरवणारा माणूस आधीच ठरवतो. त्याला ‘बुकर’ म्हणतात. सज्जन बाजूचा तो ‘फेस’ आणि खलनायक तो ‘हील’. पंचही या कथेतील एक पात्र असतो. लढतीदरम्यान तो मल्लांना हळूच वेळेची आणि पुढच्या टप्प्याची कल्पना देतो.

मराठीत ठरवून केलेल्या कुस्तीला ‘नुरा कुस्ती’ म्हणतात. राजकारणाच्या बातम्यांत हा शब्द सर्रास येतो. पण नुरा कुस्ती आणि प्रो रेसलिंग एक नव्हे. नुरा कुस्तीत प्रेक्षकाला अंधारात ठेवलेले असते. लढत खरी आहे असे समजून त्याने तिकीट काढलेले असते, म्हणून ती फसवणूक ठरते. आजच्या प्रो रेसलिंगचा जाणता प्रेक्षक निकाल ठरलेला आहे हे गृहीत धरूनच तिकीट काढतो.

मग हे सगळे खोटेच का?

या प्रश्नाचे उत्तर कंपन्यांनीच देऊन झाले आहे. १९८९ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या सिनेटसमोर ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’ने हा स्पर्धात्मक खेळ नसून मनोरंजन असल्याचे मान्य केले. क्रीडा आयोगाच्या देखरेखीतून आणि त्यासोबत येणाऱ्या करातून सुटका मिळावी, हा त्यामागचा व्यावहारिक हेतू होता. हे उघड झाल्यावर प्रेक्षक पळून जातील अशी भीती या व्यवसायात वर्षानुवर्षे होती. ती खरी ठरली नाही. त्यानंतरच्याच दशकात रेसलिंगची लोकप्रियता नव्या उंचीवर गेली.

सेलू तालुक्यातील सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा प्रसिद्ध आहे. त्यातील नंदी लाकडाचा असतो, हे तो ओढणाऱ्या लहान मुलालाही ठाऊक असते. म्हणून कुणी तान्ह्या पोळ्याला खोटे म्हणत नाही. प्रो रेसलिंगच्या चाहत्याची भूमिकाही काहीशी अशीच असते. निकाल ठरलेला आहे हे त्याला माहीत असते. लढत किती रंगते, मल्ल आपले काम किती चोख करतो आणि सभागृह त्याला कशी दाद देते, हे मात्र आधी ठरवता येत नाही. चाहता पाहायला जातो ते हेच.

ही सीमारेषा कधी कधी धूसर केली जाते. फेब्रुवारी २०१६ मध्ये उत्तराखंडातील हल्द्वानी येथील शोमध्ये परदेशी मल्लांच्या मारहाणीत ‘द ग्रेट खली’ जखमी होऊन रुग्णालयात दाखल झाल्याच्या बातम्या देशभर झळकल्या. चारच दिवसांनी, २८ फेब्रुवारीला, तो डोक्याला पट्टी बांधून देहरादूनच्या रिंगमध्ये उतरला आणि जिंकला. पात्राचे नाटक रिंगच्या बाहेरही चालू ठेवण्याच्या प्रथेला या व्यवसायात ‘केफेब’ म्हणतात. जाणत्या चाहत्याने हा सगळा प्रकार कथेचा भाग म्हणून पाहिला. बातमी वाचून काळजीत पडलेल्यांना मात्र ती सोय नव्हती.

मार खरा लागतो का?

निकाल ठरवता येतो, गुरुत्वाकर्षण ठरवता येत नाही. रिंगची बाजू साधारण १८ ते २० फूट असते. खाली लोखंडी तुळया, त्यावर लाकडी फळ्या, त्यावर फोमचा पातळ थर आणि वर ताणून बसवलेले कॅनव्हास, अशी तिची रचना. फळ्या थोड्या लवतात, त्यामुळे आघात काहीसा शोषला जातो. खालची जागा पोकळ असल्याने पडल्याचा आवाज मोठा येतो. गादीवर पडल्यासारखे मात्र ते नसते. दोरांच्या जागी अनेक ठिकाणी रबरी नळीत घातलेली पोलादी केबल असते. तिच्यावर पाठ आपटून उसळी घेण्याच्या सरावात नवख्या मल्लांच्या अंगावर वळ उठतात.

म्हणून प्रशिक्षणाची सुरुवात मारण्यापासून होत नाही, पडण्यापासून होते. या पडण्याला ‘बम्प’ म्हणतात. हनुवटी छातीला चिकटवायची, श्वास सोडायचा आणि पाठीचा वरचा सपाट भाग व दोन्ही हात एकाच वेळी जमिनीला लागतील असे पडायचे. आघात मोठ्या क्षेत्रफळावर पसरला की एका जागी येणारा दाब कमी होतो, हे त्यामागचे साधे गणित. डोके किंवा कोपर आधी टेकले की ते गणित चुकते. हवेत उचललेल्या मल्लाची मान उचलणाऱ्याच्या हाती असते. त्यामुळे प्रतिस्पर्ध्यावरील विश्वास ही या खेळाची पहिली अट आहे.

साधनांतील चूक तर जिवावर बेतू शकते. २३ मे १९९९ रोजी अमेरिकेतील कॅन्सस सिटीत ओवेन हार्ट हा मल्ल छतावरून रिंगमध्ये उतरण्याच्या दृश्यात दोर सुटून खाली कोसळला आणि मरण पावला. घरात पलंगावरून उड्या मारणाऱ्या मुलांच्या पालकांनी ‘हे खोटे असते’ एवढेच सांगून भागत नाही. हे शिकून, सरावाने आणि समोरच्याच्या संमतीने केले जाते, असे सांगणे अधिक खरे आणि अधिक उपयोगाचे आहे.

‘इंडिपेंडंट’ शो म्हणजे काय?

टीव्हीवरील मोठ्या कंपन्यांबाहेर छोट्या आयोजकांनी स्वतःच्या हिमतीवर केलेले शो म्हणजे इंडिपेंडंट किंवा ‘इंडी’ रेसलिंग. शाळेची व्यायामशाळा, समाजमंदिर, छोटे सभागृह अशा जागी ते होतात. प्रेक्षक शेकड्यांत मोजता येतील एवढेच असतात. मल्लाला दर शोमागे ठरलेली रक्कम मिळते. बाकीची कमाई तो टी-शर्ट आणि सहीचे फोटो विकून करतो. अनेक ठिकाणी रिंग उभारणे आणि शो संपल्यावर ती खोलणे हे काम शिकाऊ मल्लच करतात.

विदर्भातील वाचकाला हे समजायला झाडीपट्टी रंगभूमीचे उदाहरण पुरेसे आहे. पिके निघाल्यावर गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया जिल्ह्यांत गावोगावी रात्रभर नाटके होतात. वडसा-देसाईगंज हे त्या कंपन्यांचे केंद्र. मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांवर ही रंगभूमी अवलंबून नाही. तिचा प्रेक्षक, तिचे कलाकार आणि तिचा पैसा तिथलाच. मुंबईचे व्यावसायिक नाटक आणि झाडीपट्टीतले नाटक यात जे नाते, साधारण तेच डब्ल्यूडब्ल्यूई आणि इंडी शो यांच्यात आहे.

मोठे मल्लही घडतात ते याच छोट्या शोमधून. १ सप्टेंबर २०१८ रोजी शिकागोजवळ कोडी ऱ्होड्स आणि ‘यंग बक्स’ ही जोडी यांनी मोठ्या कंपनीच्या पाठबळाशिवाय ‘ऑल इन’ हा शो केला. त्याची तिकिटे अर्ध्या तासात संपली आणि दहा हजारांहून अधिक प्रेक्षक आले. त्या यशातूनच २०१९ च्या सुरुवातीला ‘ऑल एलिट रेसलिंग’ ही नवी कंपनी उभी राहिली. भारतात खलीने २०१५ मध्ये जालंधरला ‘काँटिनेंटल रेसलिंग एंटरटेनमेंट’ ही प्रशिक्षण संस्था सुरू केली. तिथल्या २०१६ मधील एका लढतीत हरियाणाची कविता देवी सलवार-कमीजमध्ये रिंगमध्ये उतरली. ती चित्रफीत जगभर पाहिली गेली आणि पुढच्याच वर्षी तिला डब्ल्यूडब्ल्यूईचा करार मिळाला.

महाराष्ट्रात हा खेळ याआधी आला होता का?

दोनदा आला, आणि दोन्ही वेळा मोठ्या प्रमाणावर. पहिली लाट १९५० आणि ६० च्या दशकांतील. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममधील ‘फ्रीस्टाइल’ कुस्त्यांना तेव्हा मुंबईकर गर्दी करत. दारा सिंग आणि हंगेरीत जन्मलेला अवाढव्य किंग काँग यांच्या लढती हे मोठे आकर्षण. २९ मे १९६८ रोजी दारा सिंग यांनी मुंबईत अमेरिकेच्या लू थेझला हरवले. जागतिक अजिंक्यपदाची म्हणून जाहीर झालेली ही लढत आजही त्यांच्या कारकिर्दीचा कळस मानली जाते. कुस्तीतील प्रसिद्धीनेच त्यांच्यासाठी हिंदी चित्रपटाची दारे आधीच उघडली होती आणि पुढे २०१८ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने त्यांचा मरणोत्तर गौरव केला. ‘फ्रीस्टाइल’ हा शब्द मराठीत असा रुजला, की सभागृहातील नगरसेवकांच्या भांडणालाही वर्तमानपत्रे ‘फ्रीस्टाइल हाणामारी’ म्हणतात.

दुसरी लाट २०१२ ची. अमेरिकेच्या ‘टीएनए’ कंपनीच्या सहभागातून ‘रिंग का किंग’ ही मालिका तयार झाली. चित्रीकरण पुण्यात बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात झाले. २८ जानेवारी २०१२ पासून ती ‘कलर्स’ वाहिनीवर दिसू लागली. हरभजन सिंग तिचा चेहरा होता. जेफ जॅरेट, स्कॉट स्टायनर, मॅट मॉर्गन अशा परदेशी मल्लांसोबत भारतीय मल्लही होते. त्यातील ‘महाबली वीरा’ पुढे ‘महाबली शेरा’ या नावाने अमेरिकेतील रिंगमध्ये दिसला. एप्रिलमध्ये पहिला हंगाम संपला, दुसरा झाला नाही.

दोन्ही लाटांत एक गोष्ट समान आहे. मोठे नाव आले, मोठी गर्दी जमली. पण त्यामागे दर महिन्याला होणारा छोटा शो आणि नवे मल्ल घडवणारी शाळा उभी राहिली नाही. दारा सिंग निवृत्त झाले, वाहिनीने हंगाम थांबवला आणि खेळही थांबला. गर्दी होतीच, तिला पुन्हा पुन्हा येण्यासाठी जागा उरली नाही.

सेलूच्या चाहत्यापुढे पर्याय कोणते?

अंतराचा हिशेब मांडला तर अडचण स्पष्ट होते. डब्ल्यूडब्ल्यूईने जानेवारी २०१६ आणि डिसेंबर २०१७ मध्ये दिल्लीत शो केले. विदर्भाला त्यातल्या त्यात जवळचा ठरला तो ८ सप्टेंबर २०२३ चा हैदराबादचा शो. गच्चीबावलीच्या बंदिस्त स्टेडियममध्ये जॉन सिना उतरला होता. सेलूहून हिंगणघाट, आदिलाबादमार्गे हैदराबाद सुमारे पाचशे किलोमीटर. म्हणजे जाणे, शो आणि येणे यात किमान दोन दिवस. पुणे याहूनही दूर, सुमारे सातशे किलोमीटर. गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस वर्ध्याहून पकडली तरी एक रात्र गाडीतच जाते. जालंधर सुमारे दीड हजार किलोमीटर.

असा प्रवास करणारा चाहता तिकिटापेक्षा कितीतरी जास्त पैसे गाडीभाड्यावर आणि मुक्कामावर खर्च करतो. मजुरी किंवा दुकान बुडते ते वेगळेच. सोबत येणारा मित्र मिळाला नाही, तर घरच्यांच्या ‘एवढ्या लांब कुस्ती पाहायला?’ या प्रश्नाला एकट्यालाच उत्तर द्यावे लागते. मोठ्या शोला तो शेवटच्या रांगेत बसून अर्धी लढत पडद्यावरच पाहतो. इंडी शोचे महत्त्व इथे कळते. तिथे पहिली आणि शेवटची रांग यांत फारसे अंतर नसते.

प्रत्यक्ष पाहण्यात वेगळे काय असते?

टीव्हीवर कॅमेरा आणि समालोचक प्रेक्षकाच्या वतीने निवड करतात. कोणाकडे पाहायचे, कधी ओरडायचे, कशाचे आश्चर्य वाटून घ्यायचे, हे त्यांनी ठरवलेले असते. छोट्या सभागृहात ते काम प्रेक्षकालाच करावे लागते. फळ्यांचा आवाज छातीत जाणवतो, मल्लाची धाप ऐकू येते. खलनायक पहिल्या रांगेतील माणसाशी हुज्जत घालतो आणि सगळे सभागृह त्या माणसाच्या बाजूने उभे राहते.

प्रतिसादाप्रमाणे मल्ल लढत बदलतात. लोक शांत झाले तर वेग वाढवतात, एखादी गोष्ट आवडली तर ती पुन्हा करतात. शेवट ठरलेला असला तरी मधला बराचसा भाग रिंगमध्ये उभ्या-उभ्या ठरतो. ज्याला हरायचे आहे त्याच्याच नावाचा गजर झाला, तर पुढच्या शोची कथा बदलू शकते. मोठ्या कंपनीत एका प्रेक्षकाचा आवाज हरवतो. दोनशे लोकांच्या सभागृहात तो ऐकू जातो. इथे प्रेक्षक हा लढतीतला तिसरा मल्ल असतो.

शो संपल्यावर हरलेला आणि जिंकलेला मल्ल शेजारी-शेजारी टेबल मांडून टी-शर्ट विकताना दिसतात. नवख्या प्रेक्षकाला हे खटकू शकते. सरावलेल्या चाहत्यासाठी मात्र तो प्रवासाचा महत्त्वाचा भाग असतो. ज्याच्या पडण्याने आपला श्वास अडकला, तो धड आहे हे जवळून पाहता येते, त्याच्याशी दोन शब्द बोलता येतात.

मल्लांच्या पदरात काय पडते?

इंडी शोमधील नियमित चाहत्याला तिकिटाची किंमत जास्त वाटत नाही, याचे कारण इथे आहे. छोट्या शोमधील मल्लाला पगार नसतो. प्रवास, पोशाख, व्यायाम आणि दुखापतीचा खर्च बहुतेक वेळा त्याच्याच खिशातून जातो. अमेरिकेत डब्ल्यूडब्ल्यूईचे मल्लही कंपनीचे कर्मचारी नसून स्वतंत्र कंत्राटदार मानले जातात. त्यावर तिथे अनेक वर्षे टीका होत आली आहे. खाली, छोट्या पातळीवर, संरक्षण त्याहून कमी.

आखाड्यातील मल्लाला निदान गावाचा आधार असतो. जत्रेच्या फडात गावकरी वर्गणी काढून इनाम ठेवतात, खुराकाला मदत करतात, कुस्ती हरली तरी चांगला डाव केलेल्या पोराच्या हातात नोट ठेवतात. प्रो रेसलिंगला महाराष्ट्रात असा आधार मिळालेला नाही. तिकीट आणि टी-शर्ट विकत घेणारा चाहता हाच त्याचा गाव.

विदर्भात असे शो उभे राहू शकतात का?

प्रेक्षकांचा प्रश्न नाही. रात्रभर नाटक पाहणारा, शंकरपटाला गर्दी करणारा आणि कुस्तीचा डाव कळणारा प्रेक्षक इथे आहे. नागपुरात मानकापूरचे विभागीय क्रीडासंकुल आहे, लहान सभागृहेही आहेत. खरा प्रश्न रिंग, प्रशिक्षक आणि सातत्य यांचा. सुटी करून वाहनातून नेता येईल अशी सुरक्षित रिंग, पडायला शिकवणारा जाणकार, शोच्या ठिकाणी प्राथमिक उपचार आणि रुग्णवाहिका, पोलिसांची परवानगी, उघड्यावर शो असेल तर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम, हे सगळे एका शोसाठी जमवणे महाग पडते. दर महिन्याला एक शो झाला तर खर्च विभागला जातो आणि प्रेक्षकाला पुढच्या वेळी यायचे कारण मिळते.

कुस्तीक्षेत्रातील काहींना प्रो रेसलिंगचे वावडे आहे. निकाल ठरवलेल्या खेळामुळे खऱ्या कुस्तीवरील विश्वास कमी होईल, ही त्यांची भीती निराधार नाही. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे दोन्हींची सरमिसळ न करणे. जाहिरातीतच ‘हा मनोरंजनाचा कार्यक्रम आहे’ असे स्पष्ट लिहिले तर मातीतल्या मल्लाचेही नुकसान होत नाही आणि प्रेक्षकाचीही फसवणूक होत नाही.

शो पाहायला जाताना काय तपासावे?

आयोजकाने याआधी शो केले आहेत का, हे पहिले. जाहीर झालेले मल्ल दुखापतीमुळे किंवा प्रवासाच्या अडचणीमुळे ऐनवेळी बदलू शकतात, त्यामुळे एकाच नावासाठी प्रवास ठरवू नये. तिकीट परतीचे नियम आधी वाचावेत. लहान मुले सोबत असतील तर शोमध्ये रक्त, खुर्च्या, काठ्या यांचा वापर असतो का हे विचारून घ्यावे. काही इंडी शो खास प्रौढांसाठी असतात. रिंगजवळच्या खुर्च्यांवर मल्ल येऊन पडू शकतात, तेव्हा सुरक्षारक्षकाने उठायला सांगितले की लगेच उठावे. मल्लाला हात लावणे किंवा वस्तू फेकणे हा कथेचा भाग नाही, त्यातून खरी इजा होते.

सेलूसारख्या गावातून जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. शो सहसा संध्याकाळी सुरू होतात आणि मुख्य लढत सर्वांत शेवटी असते. परतीची शेवटची गाडी गाठण्यासाठी अनेकांना नेमके त्याच वेळी उठावे लागते. शो नागपुरात असला तरी रात्री उशिरा एसटीच्या फेऱ्या कमी होतात. त्यामुळे तिकीट काढण्याआधी परतीची सोय ठरवावी, शक्य असेल तर चार-पाच जणांनी मिळून गाडी करावी.